आधी रडायचं, मग बोलायचं

परवा गावाकडून गयाबाईचा फोन आला. "शालूताई, पट्टा पडला. कौसाची टोळी निघाली म्हणं तिकडून. उद्या न्हाई तर परवा गावात." मी चौथीचे पेपर तपासत बसले होते. लाल पेनाला टोपण लावलं, मुख्याध्यापकांकडं दोन दिवसांची रजा टाकली आणि माजलगावहून एसटी धरली. आता गावात, मायच्या घरात, मायच्याच बाजेवर बसून माझ्या मैत्रिणीची, कौसाची वाट बघतेय.

माय माघात गेली. कौसा तेव्हा पार लांब, उसाच्या फडात होती. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. भांडण नाही, अबोला नाही. उलट बोलणं व्हायला नको म्हणूनच दोघी जपून राहिलोय. माय गेल्याच्या चौथ्या दिवशी कौसाचा फोन दोनदा वाजून बंद झाला. मी उचलला नाही. मी उचलणार नाही हे तिला माहीत होतं आणि मी उचलावा म्हणून तिनं तो केलाही नव्हता. तिला कळलंय, एवढंच तिला सांगायचं होतं. शिकल्यासवरल्या माणसाला हे येडेपणाचं वाटेल. सहा वर्षांपूर्वी मलाही वाटलं असतं.

लोकांच्या गावाला चैत्रात झाडांना पालवी फुटते, आमच्या गावाला माणसं फुटतात. दिवाळी झाली की अर्ध्याच्या वर गाव ऊस तोडायला जातं. दारांना कुलपं, उंबऱ्यापुढं बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली, मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि कुत्री. कुत्र्यांनाही भुंकायला कुणी नसतं. मग पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि सिरसाळ्याच्या बाजूनं धुरळा उठायला लागतो. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. वर अख्खा संसार. पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, हंडे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर तोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या बाया. कुलपं निघतात. बंद घराचा वास गल्लीत येतो, उंदरांचा, विझलेल्या चुलीचा. मग झाडलोट, सारवण, सडा. लिंबाखाली बारीक फुलं पडलेली असतात, त्यांचा कडूगोड वास दुपारी फार येतो. आणि त्या वासातच कुठल्या तरी दारातून पहिला हेल ऐकू येतो.

हेल म्हणजे गळ्यात गळा घालून, सूर लावून, बोलत बोलत रडणं. आमच्या बायांचं आहे ते. सहा महिन्यांत कुणाच्या घरी माणूस गेलं, तर त्याचं रडू चैत्रापर्यंत तुंबून असतं. फडावर गेलं तर तिथंच सगळं उरकतात, दुसऱ्या दिवशी ऊस उभाच असतो. गावात गेलं तर रडायला गावात बाया कुठं असतात? म्हणून परत आलेली बाई डोक्यावरचं गाठोडं उतरवते आणि स्वतःच्या घराचं कुलूप उघडायच्या आधी त्या घरी जाते. नियम एकच. पहिल्या भेटीत तोंडातून शब्द निघायच्या आधी रडू निघालं पाहिजे. 'कशी हायस', 'कधी आलीस', 'काय झालतं' यातलं एक जरी बोललं गेलं, तर संपलं. मग ती भेट बोलण्याची होते. मग डोळ्याला पाणी येतं, हेल येत नाही.

"आधी रडायचं, मग बोलायचं," माय म्हणायची. "बोलणं काय, जलमभर हायच की."

माय या कामात पट्टीची होती. गुडघा गेल्यापासून तिचं उसाला जाणं बंद झालेलं. सगळा हिवाळा ती रिकाम्या गावात बसून कोण कुठं गेलं ते ध्यानात ठेवायची आणि चैत्रात दारोदार जायची. हेल कुणी तरी उचलावा लागतो, तो माय उचलायची. ओळ संपली की बाकीच्या "गं बाई" म्हणून ती धरायच्या आणि मग एकेक बाई आपली ओळ घालायची. नुसतं बघायला म्हणून तिथं कुणी बसत नाही. आलीस ना? मग एक ओळ घाल, मग बस. कुणाची पदरची, कुणाची रडत रडत निम्म्यात सुटलेली, कशीही चालते. आणि 'गुणाची होती, लाखात एक होती' असली ओळ कुणी घातली की माय नंतर घरी येऊन कुरकुरायची.

"मेल्यावर सगळेच गुणाचे असतेत. त्यावर कुणाला रडू येतंय व्हय? त्या माणसाची खोड सांगावी. खोड त्याची एकट्याची असती."

तिच्या एका चुलत जावेची सासू भारी खाष्ट. ती गेली तेव्हा मायनं जावेच्या गळ्यात पडून ओळ घातली होती, "आता तुझ्या भाकरीला कच्ची कोण म्हणंल गं बाई." तीस वर्षं त्या शब्दानं जळलेली सून, पण अशी रडली की सावरायला चार बाया लागल्या. त्या चौघीही रडत होत्याच म्हणा.

पण मायची एक गोष्ट मला खटकायची. ती चुकायची. गयाबाईचा सासरा गेला तेव्हा गयाबाई सकाळपासून खांबाला टेकून बसलेली, डोळा कोरडा. मायनं हेल उचलला, "तुमच्या पांढऱ्या बैलाला आता वैरण कोण टाकील वं मामा." गयाबाईनं मान वर केली. "पांढरा न्हाई वं मावशी. तांबडा. तांबडा व्हता त्यो. मामाला पांढरा बैल आवडायचाच न्हाई, पांढरा मळतो म्हणायचे…" आणि तिथंच तिचा बांध फुटला. मी तेव्हा सुट्टीवर आलेली, दारात उभी. मी शाळामास्तरीण, चूक दिसली की हाताला लाल पेन लागतं. घरी येताना मायला म्हणाले, "माय, आधी नीट विचारून घेत जा. बैल कोणता होता तेही तुला आठवत नाही." माय म्हणाली, "बरं."

माझं आणि या हेलाचं कधी जमलंच नाही. नोकरी लागली त्या वर्षी माय मला वाटेला लावायला सिरसाळ्याच्या स्टँडवर आली होती. लेक निघाली तरी हेल काढतात आमच्याकडं. गाडी लागली, आणि मायनं भर स्टँडात माझ्या गळ्यात पडून सूर लावला. कंडक्टर बघायला लागला. माझ्याबरोबर रुजू व्हायला निघालेली एक शिक्षिका तोंडावर रुमाल धरून हसली. मी दातओठ खाऊन म्हणाले, "माय, लोक बघायलेत. स्टँडावर रडू नको." माय एकदम थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि माझी पिशवी नीट सीटखाली ठेवून उतरली. त्यानंतर ती कधीही स्टँडवर आली नाही. मी निघाले की घराच्या दारात, चौकटीला धरून उभी राहायची. पिशवी घेऊन माझ्याबरोबर कौसा यायची, गावात असली तर. खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

कौसा माझी लहानपणची मैत्रीण, याच गल्लीतली आणि दिलीही याच गल्लीत. मी पुस्तक धरलं, तिनं कोयता. नवरा लवकर गेला, पदरात एक दिपा. ऊसतोडीत दोन माणसं मिळून एक कोयता होतो, एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता म्हणतात. कौसाचा कोयता तिच्या भावजयीबरोबर असायचा. दिपा लहान असताना आईबरोबर फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत राहिली, मग नववी-दहावीला दोन वर्षं माजलगावला माझ्याकडं होती. चुणचुणीत पोरगी. हिरव्या रिबिनी, सदा शाईनं बरबटलेलं मधलं बोट. माझ्या मुलीचं आणि तिचं पटायचं आणि भांडणही व्हायचं. तिची एकच सवय मला आवडायची नाही. चहा कधी पूर्ण प्यायची नाही, कपात शेवटचा घोट टाकायची. "दिपा, टाकू नये," मी रोज म्हणायची. "बरं बाई," ती म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी कपात घोट तसाच.

दहावी झाली तेव्हा भावजयीची कंबर धरली होती. कौसा मला म्हणाली, "शालू, अजून दोन वर्सं ठेवशील का हिला? मी बघते कुणाबरोबर तरी माझं." माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं, घर दोन खोल्यांचं. मी म्हणाले, "बघू."

'बघू' म्हणजे काय ते आमच्याकडं लेकरालाही कळतं. कौसानं परत विचारलं नाही. त्या दिवाळीला दिपा आईबरोबर कोयत्यात गेली.

दुसऱ्या वर्षी, पौषात, दिपा गेली. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालेला. तीन दिवसांत सगळं आटोपलं. कौसा गावाकडं आली नाही. येऊन करणार काय? घराला कुलूप, गल्लीला कुलूप, गळ्यात पडायला बाई नाही. मला कळलं तसा मी फोन लावला. आणि मी बोलले. दहा मिनिटं मी एकटीच बोलत होते. "कौसा, रडू नको. धीर धर. तू खचलीस तर कसं होईल? जाणारं माणूस गेलं, आता स्वतःला सांभाळ." शाळेत एखाद्या पालकाला समजवावं तसं, एका सुरात. पलीकडं वारा आणि पाचटाची खसखस. शेवटी कौसा म्हणाली, "बरं बाई."

फोन ठेवल्यावर मला जरा हलकं वाटलं, आपण धीर दिला म्हणून. कौसा मला जन्मभर शालू म्हणत आली होती, ती आज बाई म्हणाली, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्या चैत्रात तिची टोळी आली तेव्हा मी मुद्दाम गावात आले होते. ट्रॅक्टर थांबला. बाया धावल्या, पुढं माय, लंगडत. मायनं दोन्ही हात पसरून हेल उचलला. कौसा गाठोडं घेऊन उतरली, मायच्या मिठीत उभी राहिली. नुसती उभी. कुणी खांबाला मिठी मारावी तसं ते दिसत होतं. ओळ संपली, बायांनी "गं बाई" म्हणून धरली, आणि कौसा म्हणाली, "बसा सगळ्या. चहा टाकते."

हेल मधेच तुटला. असं गावात कधी झालेलं नव्हतं. माय म्हणाली, "कौसे, रड की गं माय."

"न्हाई मावशी," कौसा कुलूप काढता काढता म्हणाली. "बाईनं सांगितलंय रडू नको म्हणून."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी शिकलेली, मी सांगितलं, म्हणून तिनं ऐकलं होतं.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "काय काय बोललीस तू फोनवर?" मी सांगितलं. माय म्हणाली, "लई वंगाळ केलंस शाले. तिचं रडू तू आधीच तोडून घेतलंस. ते आता आत बसलं. आत बसलेलं बाहेर न्हाई आलं तर बाईला खातंय."

आणि ते खात होतंच. पुढच्या दिवसांत ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. चैत्र म्हणजे वाळवणाचे दिवस. गल्लीतल्या बाया कौसाच्या अंगणात जमायच्या, शेवया करायला, कुरडयांचा चीक शिजवायला. तिला एकटं सोडायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. कौसा सगळं करायची. सोजी मळायची, शेवयांचे पदर बाजेवर वाळत घालायची, विचारलं तर बोलायची. फक्त जेवायची नाही. भाकरीचा तुकडा हातात घ्यायची आणि तो हातातच राहायचा. दिपाची पेटी ट्रॉलीतून उतरवली तशी दाराआड पडलेली, कडीला हात लावलेला नाही. गळ्याची हाडं वर आली. गयाबाई हळूच म्हणाली, "अशानं ही आखाड बघायची न्हाई." कुणी तिला गप्प केलं नाही. सगळ्यांना तेच दिसत होतं.

माय रोज हेल उचलून बघायची. एकदा म्हणाली, "माझी दिपी आंबट खायची न्हाई गं बाई." दिपा तर कैरीसाठी झाडावर चढणारी. कौसा कुरडई घालता घालता म्हणाली, "असंल मावशी." मायनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, माय पुन्हा चुकली, आणि मलाच लाज वाटली.

त्या दिवशी मायनं मला धरलं. "उद्या तू उचल."

"मला येत नाही, माय."

"येत न्हाई ते दिसतंयच. तू बंद केलंस, तूच उघड. तुझं बी अजून रडून झालेलं न्हाई."

ते मात्र खरं होतं. दिपा गेल्याचं कळल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. शाळा होती, परीक्षा होत्या. आणि तो 'बघू' घशात अडकून होता, त्याच्या पुढं काही सरकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्याजणी बसलेल्या. शेवयांच्या बाजेवर पातळ धोतर पांघरलेलं, वर लिंबाची फुलं पडतायत. मी डोक्यावर पदर घेतला. मी सूर लावला. काय तो सूर! सकाळच्या प्रार्थनेचा लागला. गयाबाईनं तोंड पलीकडं फिरवलं, तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती. मी तशीच रेटत राहिले. "हिरव्या रिबिनीच्या वेण्या गं…" पुढं ओळ सापडेना. सगळ्या थांबलेल्या. मायनं मान हलवली, चल पुढं. माझ्यापुढं स्टीलचा कप होता, नुकताच चहा झालेला. त्याच्याकडं बघून मी म्हणाले, "माझ्या घरी कपामधी चहाचा घोट आता कोण टाकील गं दिपे… टाकू नको म्हणून म्या किती बोलले गं तुला…"

कौसाचे हात सोजीत थांबले.

"टाकायची न्हाई ती," कौसा म्हणाली.

मी सूर सोडून तिच्याकडं बघितलं.

"टाकायची न्हाई शालू. ठेवायची. मला ठेवायची. कोपीवर आमचा कप एकच. आधी ती प्यायची, शेवटचा घोट मला. साखर खाली बसती ना. गोड घोट मायला म्हणायची." ती माझ्याकडं वळली. "तुझ्याकडं बी ठेवायची?"

"रोज."

"रोज गं?"

"रोज, कौसा. दोन वर्षं. आणि मी तो रोज मोरीत ओतला."

कौसानं पिठानं भरलेले दोन्ही हात वर केले आणि तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. ती माझ्या गळ्यात पडली. "माझा घोट माजलगावात सांडला गं बाई…" ही तिची पहिली ओळ. बायांनी ती धरली. गयाबाईनं धरली, मघाशी हसणाऱ्या गयाबाईनं, आणि तिनं दिपाच्या कैऱ्यांची ओळ घातली. मागून दुसरीनं दिपानं शिकवलेल्या सहीची. एकेकीजवळ एकेक दिपा होती, आम्हा दोघींना न माहीत असलेली, आणि त्या दुपारी ती सगळी अंगणात आली. मीही रडले. 'बघू' म्हणाले होते ते भर हेलात सांगितलं. कौसानं ऐकलं. माझ्या पाठीवरचा हात तिनं काढला नाही.

त्या संध्याकाळी कौसा अर्धी भाकर जेवली. दोन दिवसांनी पेटी उघडली. हिरव्या रिबिनी तिनं मला दिल्या. मला वाटलं होतं की आता दुःख संपेल, ते काही संपलं नाही. पण दिपाबद्दल बोलता यायला लागलं. 'दिपा असती तर आज नाक मुरडलं असतं' असं कौसा हसत म्हणू लागली. आजही माझ्या घरी आली की ती कपात शेवटचा घोट ठेवते आणि मी तो पिते.

त्या दिवशी घरी येताना माय माझा दंड धरून चालत होती. म्हणाली, "आज बरं चुकलीस, शाले." मी म्हणाले, "मला कुठं माहीत होतं गं, मुद्दाम नाही चुकले." माय हसली नुसती. मला वाटलं, लेकीची समजूत काढतेय.

आणि यंदा माघात माय गेली. गावात तेव्हा खांदा द्यायला माणसं जमवावी लागली, बाया तर बोटांवर. गयाबाईनं एकटीनं हेल उचलला, पण धरायला मागं कुणी नव्हतं. मी तर धावपळीत, लाकडं आली का, भटजी आला का. मग माजलगावला घरी लोक भेटायला आले. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले. "वय झालं होतं ना." "सुटल्या बिचाऱ्या." "त्रास नाही झाला, नशीब." मी म्हणत राहिले, हो ना, हो ना. फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं आली, त्यांना मी तशीच चित्रं पाठवली. भली माणसं सगळी, मनापासून धीर देत होती. मीही एकेकाळी असाच धीर दिला होता. प्रत्येकाशी बोलून झालं आणि प्रत्येकाबरोबरचं एकेक रडू बोलण्यातच गेलं. एकच पहिली भेट शिल्लक होती, ती मी अडीच महिने जपून ठेवली. रात्रंदिवस छातीत दगड, पण फोन उचलला नाही.

भीतीही होती. वाटायचं, येईल ना? का माझंही आत बसलं? काल इथं आल्यावर मायचं पातळ हुंगून बघितलं, मिसरीचा डबा उघडून बघितला. काही झालं नाही. पेपरांचा गठ्ठा तपासायचा राहिलाय, हेच डोक्यात येत राहिलं.

दुपार कलली तसा सिरसाळ्याच्या बाजूनं धुरळा दिसला. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबला. कौसा उतरली. आणखी काळी झालेली, केसांत पाचटाचा चुरा. तिनं गाठोडं तिथंच रस्त्यात ठेवलं आणि स्वतःच्या घरावरून न थांबता इकडं आली. मी दारात उठून उभी राहिले. आणि बघा माणसाची सवय, इतकं जपून सगळं, आणि तिला समोर बघताच माझं तोंड उघडलं. "ये गं, दमली अस…"

कौसानं सरळ माझ्या तोंडावर हात दाबला. घट्टे पडलेला, उसाच्या वासाचा हात. तशीच मला छातीशी धरली आणि माझ्या कानाशी हेल उचलला.

"लेकीला लावायला स्टँडावर आता कोण येईल गं मावशी…"

मी तिचा हात बाजूला केला. "न्हाई कौसा," मी म्हणाले. माझी शाळेतली भाषा कुठं गेली कोण जाणे. "स्टँडावर न्हाई यायची ती. इथंच उभी ऱ्हायची, या चौकटीला धरून. म्याच नको म्हणलं होतं. लोक बघायलेत म्हणलं, रडू नको म्हणलं. पुन्हा कधीच आली न्हाई गं माझी माय…"

हे बोलता बोलता मला कळलं. माझी पिशवी घेऊन दर वेळी स्टँडवर कौसाच तर यायची. माय कुठं उभी असायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत? कौसा चुकली नव्हती, मुद्दाम तशी ओळ घातली होती तिनं. गयाबाईचा बैल तांबडा होता हे मायलाही पक्कं माहीत होतं. दिपा कैऱ्या खायची हेही माहीत होतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर लाल रेघ मारत होते, ती मायची किल्ली होती, आणि जाताना माय ती कौसाकडं देऊन गेली होती.

मग मायच्या जागी, मायच्या चौकटीला धरून, मी माझ्या आईसारखा मोठ्यानं हेल काढला. ट्रॅक्टरवरून उतरणारे लोक थांबून बघत होते. गाठोडी खाली ठेवून त्यातल्या बाया एकेक करून दाराशी आल्या आणि प्रत्येकीनं आपापली ओळ घातली.